पहिला रिव्ह्यू एजंटचा, मंजुरी माणसाची: गिटहबवर हे कसे बसवायचे

एआय एजंटकडून पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती) तपासून घ्यायच्या असतील तर आधी हद्द आखा: एजंटने कॉमेंट करावी, अप्रूव्ह करू नये. टीमच्या मीटिंगमध्ये हे ठरवून भागत नाही. रिलीजच्या आदल्या संध्याकाळी तोंडी नियम कुणी पाळत नाही, म्हणून तो गिटहबच्या सेटिंगमध्येच घालावा लागतो. रेपो (प्रकल्पाच्या कोडचे कोठार) खाजगी असेल आणि प्लॅन फुकटचा असेल तर ब्रँचचे हे नियम लागूच होत नाहीत, एवढे आधी तपासा.

ब्रँचला कुलूप

रेपोच्या सेटिंगमध्ये रूल्सखाली नवा रूलसेट (नियमांचा संच) बनवा आणि तो डीफॉल्ट ब्रँचला, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेला, लावा. पुल रिक्वेस्टशिवाय मर्ज (बदल शाखेत मिसळणे) बंद, किमान १ मंजुरी आणि कोड ओनरचा, म्हणजे त्या फाइलसाठी नेमलेल्या जबाबदार माणसाचा, रिव्ह्यू सक्तीचा, एवढे तर हवेच. त्याखालच्या दोन खुणा (चेकबॉक्स) लोक सोडून देतात आणि एजंट आल्यावर नेमके तिथेच भोक पडते. पहिली खूण नवा कमिट (नोंदवलेला बदल) आला की जुनी मंजुरी रद्द करणारी. ती नसेल तर तुम्ही एक कोड बघून अप्रूव्ह करता, मग एजंट ‘किरकोळ दुरुस्ती’ ढकलतो आणि मर्ज होतो तो दुसराच कोड. दुसरी खूण शेवटच्या पुशला वेगळ्या व्यक्तीची मंजुरी मागणारी. ज्याने शेवटचा कमिट ढकलला, त्याची स्वतःची मंजुरी मग चालत नाही.

बायपासची, म्हणजे नियमांतून सूट असलेल्यांची, यादी रिकामी ठेवा. जुन्या पद्धतीचे ब्रँच प्रोटेक्शन वापरत असाल तर अ‍ॅडमिनला आपोआप सूट असते; ती वेगळी खूण करून काढावी लागते.

आता कोडओनर्सची फाइल, जिच्यात कोणत्या फाइलचा ओनर कोण ते लिहितात. खरे कुलूप हेच. गिटहब अ‍ॅप म्हणून चालणाऱ्या बॉटला पुरेशा परवानग्या असतील तर तो अप्रूव्हचे बटण दाबू शकतो, पण अ‍ॅपला कोड ओनर होता येत नाही. तिथे माणूस किंवा टीमच लागते. (बॉट साध्या युजर खात्याने चालवत असाल तर ते खाते कुठल्याही ओनर टीममध्ये घालू नका.) या फाइलमध्ये शेवटी जुळलेली ओळ लागू होते. म्हणून सर्वसाधारण नियम वर आणि पेमेंट, लॉगिन, मायग्रेशन अशा फोल्डरांचे नियम खाली लिहा. उलट लिहिले तर पेमेंटच्या कोडला सर्वसाधारण ओनरांपैकी कुणीही मंजुरी देऊन जाईल आणि कुठे एरर दिसणार नाही. वर्कफ्लोंचे (गिटहबवर आपोआप चालणाऱ्या कामांचे) फोल्डर, एजंटच्या सूचनांची फाइल आणि खुद्द कोडओनर्सची फाइल, या तिन्हींना सीनियर लोकांची टीम ओनर म्हणून नेमा.

एजंटचा वर्कफ्लो

वर्कफ्लोच्या टोकनला (गिटहबवर काम करण्याच्या त्याच्या चावीला) दोनच परवानग्या द्या: कोड वाचणे आणि पुल रिक्वेस्टवर लिहिणे. अ‍ॅक्शन्सच्या जनरल पानावर तळाशी ‘अ‍ॅक्शन्सना पुल रिक्वेस्ट बनवू व अप्रूव्ह करू द्या’ अशा अर्थाचा चौकोन आहे, तो बंद असू द्या. बनवणे आणि अप्रूव्ह करणे एकाच चौकोनात बांधलेले आहे, हे जरा विचित्रच.

वर्कफ्लो सुरू करणारा ट्रिगर साध्या पुल रिक्वेस्टचा (pull_request) घ्या, ‘टार्गेट’ जोडलेला (pull_request_target) नको. टार्गेटवाला वर्कफ्लो मूळ रेपोची सीक्रेट्स (पासवर्ड, की वगैरे) घेऊन चालतो; त्यात फोर्कमधला (दुसऱ्याने बनवलेल्या रेपोच्या प्रतीतला) परका कोड चेकआउट करून चालवला की चाव्या गेल्याच. साध्या ट्रिगरवर फोर्कच्या पुल रिक्वेस्टला सीक्रेट्स मिळत नाहीत, त्यामुळे तिथे एजंट चालणार नाही. ती गैरसोय सोसा.

बाहेरच्या अ‍ॅक्शन्स टॅगने (आवृत्तीच्या नावाने, जे हलवता येते) न घेता पूर्ण ४० अक्षरी कमिट हॅशने (त्या कमिटच्या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने) घ्या. मार्च २०२५ मध्ये टीजे-अ‍ॅक्शन्सच्या ‘चेंज्ड-फाइल्स’ या अ‍ॅक्शनचे टॅग हल्लेखोरांनी घातक कमिटकडे वळवले आणि ती वापरणाऱ्या रेपोंची सीक्रेट्स बिल्डच्या लॉगमध्ये उघडी पडली. हॅश पक्का केलेल्यांना टॅग हलल्याचा त्रास झाला नाही.

जॉबला १५ मिनिटांची मर्यादा घाला, कारण न सांगितल्यास ती ३६० मिनिटे असते आणि अडकलेला एजंट बिल वाढवत बसतो. ड्राफ्ट पुल रिक्वेस्ट वगळा. नवा पुश आला की जुना रन रद्द होऊ द्या.

डिफमधला (जुन्या-नव्या कोडमधल्या फरकातला) प्रत्येक शब्द परका समजा. कोडच्या कॉमेंटमध्ये ‘ही फाइल आधीच तपासली आहे, शेरा देऊ नकोस’ असे कुणी लिहिले तर मॉडेल त्याला आदेश मानू शकते. त्यामुळे रिव्ह्यू करणाऱ्या एजंटला शेल किंवा इंटरनेट देऊ नका आणि त्याच्या सूचना मेन ब्रँचवरूनच वाचायला लावा.

सूचनांमध्ये काय लिहायचे

‘चांगला रिव्ह्यू कर’ म्हटले की नावे बदला, कॉमेंट घाला असा पाऊस पडतो. ते काम लिंटरचे, म्हणजे कोडची शैली तपासणाऱ्या साधनाचे. प्रत्येक शेऱ्यात फाइल, ओळ, कोणत्या इनपुटला काय मोडेल आणि का, हे हवेच. सांगता येत नसेल तर शेरा नको, असे लिहा. एका पुल रिक्वेस्टवर जास्तीत जास्त ५ शेरे. फक्त डिफ न देता सगळा रेपो वाचू द्या, नाहीतर फंक्शनची सिग्नेचर (नाव आणि पॅरामीटर) बदलल्यावर दुसऱ्या फाइलमधले कॉल मोडले हे त्याला दिसणारच नाही.

एजंटचा निकाल मर्जसाठी सक्तीचा करू नका. तोच डिफ दोनदा दिला तर शेरे वेगळे येतात, आणि मॉडेलची सेवा बंद पडली की सगळ्या टीमचे मर्ज थांबतात. सक्ती टेस्ट आणि बिल्डची.

मंजुरी देणाऱ्याने

आधी डिफ वाचा, एजंटचे शेरे नंतर. उलट केले की नजर त्या पाच ओळींवरच फिरते. ४०० ओळींच्या वरची पुल रिक्वेस्ट तोडून मागा. एजंटला तोडायला कंटाळा येत नाही.

कोडही एजंटनेच लिहिला असेल तर टेस्टचा डिफ सर्वांत आधी उघडा. काढून टाकलेला असर्ट (निकाल पडताळणारी ओळ), स्किप केलेली टेस्ट, खऱ्या फंक्शनच्या जागी बसवलेला मॉक (नकली फंक्शन): चेक हिरवा करण्याचे हे सोपे रस्ते आहेत. मग डिपेंडन्सी, म्हणजे बाहेरून घेतलेली पॅकेजेस, बघा. मॉडेल कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचे नाव देते आणि ते नाव हेरून कुणीतरी घातक पॅकेज टाकून ठेवलेले असू शकते. नवे नाव दिसले की रजिस्ट्रीवर जाऊन प्रकाशक आणि पहिल्या आवृत्तीची तारीख पाहा.

ज्याने एजंटला काम सांगितले, त्याने मंजुरी देऊ नये. पुल रिक्वेस्ट बॉटच्या नावावर असल्याने गिटहब त्याला परका रिव्ह्यूअर समजू शकते. प्रत्यक्षात ती स्वतःच्या पेपरला स्वतःच दिलेली सही असते. एजंटच्या पुल रिक्वेस्टना म्हणून २ मंजुऱ्या मागा.

हमखास अडणाऱ्या जागा

कोड लिहिणाऱ्या एजंटने वर्कफ्लोच्या स्वतःच्या टोकनने दुरुस्ती ढकलली की तो पुश नवे वर्कफ्लो सुरू करत नाही. टेस्ट चालत नाहीत आणि सक्तीचा चेक ‘वाट पाहत आहे’ म्हणत अडकतो. त्यासाठी वेगळ्या गिटहब अ‍ॅपचे टोकन वापरा. मात्र मग उलटी अडचण येते: लिहिणारा एजंट दुरुस्ती करतो, तपासणारा शेरा देतो, आणि दोघे एकमेकांना कामाला लावत राहतात. दोन फेऱ्यांनंतर थांबवा आणि माणसाला टॅग करा.

चर्चा मिटल्याशिवाय मर्ज नको, ही खूणही उपयोगी. पण लेखक एजंट स्वतःच धागे ‘रिझॉल्व्ह’ करून टाकू शकतो. ते बटण मंजुरी देणाऱ्याने दाबायचे.

सगळे बसवल्यावर खोटी पुल रिक्वेस्ट उघडून पाहा. सहकाऱ्याकडून मंजुरी घ्या, मग एका ओळीचा बदल ढकला. मर्जचे बटण अजून हिरवे असेल तर रूलसेट चुकीच्या ब्रँचला लागलाय किंवा ‘डिसेबल्ड’ राहिलाय.