बोलताना अडकत असाल, तर ध्येय असं ठरवा

यवतमाळहून दारव्ह्याला येताना मी कितीतरी वेळा कारंज्याचं तिकीट काढलं आहे. उतरायचं दारव्ह्यालाच. पण कंडक्टर समोर आला की 'द' म्हणायला जीभ दातांना चिकटायची ती सुटायचीच नाही, आणि मागची माणसं मान वर करून बघायची. 'कारंजा' मात्र सहज निघायचं. म्हणून जास्तीचे पैसे मोजायचे आणि दारव्हा आलं की गुपचूप उतरायचं.

त्या काळात दर पाडव्याला मी एकच ठरवायचो, यंदा अडकायचं नाही. आठ दिवसांत ते मोडायचं. आता वाटतं, ते ध्येयच चुकीचं होतं. तोतरेपणा बहुतेकांना दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो, पुष्कळदा घराण्यातही असतो. बोलण्याच्या हालचाली वेळेवर जुळवण्याचं जे काम मेंदू करतो, त्याच्याशी त्याचा संबंध आहे. आईनं लाड केले, कोणाची नक्कल केली, भित्राच आहे, ही सगळी लोकांची बोलणी. कधी अडकू हे आपल्या हातात नसतं. उलट न अडकण्यासाठी जोर लावला की गळा आणखी आवळतो.

म्हणून ध्येय ठरवताना आधी स्वतःला विचारा, मी कोणती गोष्ट न बोलता सोडून देतो? ती कोणाला सांगायची राहते?

माझं उत्तर मला २०१७ साली मिळालं. मी कृषी केंद्रात काउंटरवर असतो. त्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. तोवर मी औषधाचा डबा पुढे सरकवायचो आणि बिल फाडायचो. सूचना लांबलचक, त्यात अडकलो तर गिऱ्हाईक हसेल, म्हणून सांगायचोच नाही. डब्यावर छापलेलं असतं, पण बारीक अक्षर कोण वाचतं? त्या रात्री मी वहीत लिहिलं, 'उद्या औषध नेणाऱ्या पहिल्या तिघांना सांगीन : हातमोजे घाला, तोंड-नाक झाका, वाऱ्याच्या उलट फवारू नका, उपाशीपोटी जाऊ नका. कितीही अडकलो तरी शेवटपर्यंत.'

हे ध्येय मोजता येतं. तिघांना सांगितलं की नाही, एवढंच संध्याकाळी बघायचं. किती वेळा अडकलो याचा हिशेब ठेवू नका, तो माणसाला खचवतो. माझ्या वहीत तीनच रकाने आहेत : कोणाशी, काय सांगायचं होतं, पूर्ण सांगितलं का. शब्द बदलून वेळ मारून नेली असेल, तर शेवटच्या रकान्यात 'नाही' लिहायचं, वाक्य कितीही सफाईदार झालं असलं तरी.

दुसरं, सुरुवात खालच्या पायरीवरून करा. घरच्यांशी, मग ओळखीच्या गिऱ्हाइकाशी, मग अनोळख्याशी. फोन सगळ्यात वर ठेवा, कारण तिथं समोरच्याला आपलं तोंड दिसत नाही, तो गप्प बसण्याचा भलताच अर्थ काढतो आणि फोन ठेवून देतो. एका पायरीवर दोन-तीन आठवडे राहिलात तरी चालेल. भजनात मी कधीच अडकत नाही, खंजिरीच्या ठेक्यावर सगळ्यांसोबत शब्द आपोआप येतात. पण त्यालाच सराव समजू नका. गाताना न अडकणारे पुष्कळ असतात आणि चावडीवर आले की पुन्हा अडकतात.

अडकलात तर तिथंच थांबा. शब्द ढकलू नका. ओठ आणि जीभ सैल सोडा आणि तोच शब्द हळू, मोकळेपणानं पुन्हा म्हणा. याचा सराव मी मुद्दाम अडकून केला. किराणा दुकानात 'सा-सा-साखर' असं जाणूनबुजून म्हटलं. पहिल्या दिवशी कानशिलं तापली, पण आठवड्याभरात अडकण्याची धास्ती निम्म्यावर आली.

आणि आधी सांगून टाका. मी नव्या गिऱ्हाइकाला म्हणतो, "भाऊ, मी बोलताना अडकतो, जरा दम धरा." एक म्हातारे काकाजी म्हणाले, "सांग ना बापा, मले कुठं घाई हाय!" इतकी वर्षं मी ज्या हसण्याला भ्यालो, ते फार थोड्यांनी केलं.

घरात लहान लेकरू अडकत असेल, तर त्याला 'नीट बोल' म्हणू नका आणि त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. सहा महिने उलटूनही तसंच असेल, तर अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकाला सांगा, वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडे न्या. लहानपणी सुरू केलेल्या उपचाराचा गुण चांगला येतो.

माझी वरची पायरी ग्रामसभा होती. पांदण रस्त्याचा प्रश्न विचारायला उभा राहिलो आणि 'पां' वरच अडकलो. सरपंचभाऊंनी मायेनंच वाक्य पुढं नेलं, "पाण्याच्या टाकीचं म्हणता का?" मी हात वर केला, थांबलो. म्हटलं, "न्हाई जी, माह्यं मले बोलू द्या." मग पांदण रस्ता, गट नंबर, पावसाळ्यात बैलबंडी फसते ती जागा, सगळं सांगितलं. चार वेळा अडकलो. त्या दिवशी वहीच्या तिसऱ्या रकान्यात 'हो' लिहिलं.