व्हीआर हेडसेटने लक्ष तपासताय? आधी या चुका टाळा

रावेरकडचा सतरा वर्षांचा मुलगा होता. डोळ्यांवर व्हीआर हेडसेट (आभासी दृश्य दाखवणारा चष्मा) लावून लक्षाची चाचणी चालू होती, खूण आली की बटण दाबायचं. पहिल्या दहा मिनिटांत दोन खुणा सुटल्या, पुढच्या दहा मिनिटांत तेवीस. आलेख बघून मी मनातल्या मनात ‘एडीएचडी’ (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार) लिहूनही टाकलं होतं. हेडसेट काढताना सहज विचारलं, रात्री झोप झाली का रे? म्हणाला, “नाही ना मॅडम. या आठवड्यात आमच्याकडे रात्रीची लाइट आहे. केळीच्या बागेत ठिबकचे कॉक फिरवत होतो पहाटेपर्यंत.” तिथून एसटीने तो थेट जळगावला आमच्याकडे आला होता. आठ दिवसांनी, दिवसपाळीची लाइट असताना पुन्हा बोलावलं, तर दुसऱ्या दहा मिनिटांत चार.

मी मानसोपचारतज्ज्ञांच्या हाताखाली चाचण्या घेते. व्हीआरवर लक्षाची चाचणी घ्यायला लागल्यापासून एक कळलंय: आकडे बिघडले की मुलाच्या डोक्यात शिरण्याआधी खोली बघायची, खुर्ची बघायची, आदली रात्र विचारायची.

चाचणी काय असते ते थोडक्यात. हेडसेट घातला की समोर वर्ग दिसतो. फळा, बाई, बाकं. खुणा येत राहतात, काही दिसणाऱ्या, काही ऐकू येणाऱ्या. एका भागात ठरलेली खूण आली की बटण दाबायचं, दुसऱ्या भागात ती खूण सोडून बाकी सगळ्यांना दाबायचं. मधेच दार वाजतं, कुणी चिठ्ठी सरकवतो, बाहेरून गाडी जाते. सुटलेली खूण म्हणजे लक्ष उडालं, नको तिथे दाबलं म्हणजे उतावीळपणा, आणि मान किती वळली हेही मोजलं जातं. सलग खुणा दाखवायची मूळ कल्पना १९५६ सालची. तिला आभासी वर्गात नेण्याचं काम अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात स्किप रिझो यांनी २०००च्या सुमारास केलं. स्पेनमधल्या नेस्प्लोरा कंपनीची ‘आउला’ ही वर्गातली चाचणी ६ ते १६ वर्षांसाठी आहे, आणि १६च्या पुढच्यांसाठी मत्स्यालयातली ‘अ‍ॅक्वेरियम’. पस्तिशीतल्या माणसाला शाळेच्या बाकावर बसवायचं नाही. हसतो, आणि मग मनावर घेत नाही.

सूचना समजली, असं गृहीत धरणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पारोळ्याकडचा एक मुलगा. सूचना मी प्रमाण मराठीत सांगितल्या, त्याने मान डोलावली. ‘ती सोडून बाकी सगळ्यांना दाब’ या भागात त्याने बरोबर उलटं केलं. अहवालात उतावीळपणाचा लाल पट्टा. नंतर म्हणतो, “माले समजनंच नही.” आता मी अहिराणीतच सांगते, आणि पोराकडून वदवून घेते: काय दिसलं की दाबायचं, काय दिसलं की नाही? हातात पेन देऊन टेबलावर ठोकायला लावते. सरावाच्या दहा खुणांपैकी आठ बरोबर आल्याशिवाय खरी चाचणी सुरू करत नाही. हा माझा स्वतःचा नियम आहे, पुस्तकातला नाही. सातपुड्यातून येणाऱ्या, घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांसाठी सोबत कुणीतरी भाषेचं माणूस हवंच. खुणांचे आवाजच परक्या भाषेत असतील तर ऐकायच्या भागातले आकडे मी वेगळे ठेवते.

याला जोडूनच मापाचा मुद्दा येतो. अहवाल ‘या वयाच्या मानाने कमी’ म्हणतो तेव्हा तुलना कुणाशी केली, हे विचारा. ‘आउला’ची मापं स्पेनमधल्या मुलांवर बेतलेली आहेत. नंदुरबारच्या मुलाला तीच फूटपट्टी लावली आणि तो काठावर आला, तर त्या काठाला फार किंमत देऊ नये.

खोली, खुर्ची, केस

फिरती खुर्ची नको. माणूस पायाने खुर्ची फिरवतो, सेन्सर म्हणतो मान वळली. साधी चार पायांची खुर्ची ठेवा.

कूलर ही आपल्याकडची खास अडचण. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, कूलर बंद ठेवायची सोय नाही. पण त्याच्या घरघरीत बारीक आवाज बुडतात, आणि दमट हवेने भिंगांवर वाफ धरते. वाफ धरली की खूण धूसर, आणि धूसर खूण सुटते. वर हेडसेटही तापून आपोआप बंद पडतो. उन्हाळ्यात मी सकाळी आठच्या आत चाचणी आटपते. खोली आधी गार करायची, मग कूलर बंद, फक्त पंखा.

डोक्याला खोबरेल तेल चोपडलेलं असेल तर पट्टा घसरतो, चित्र खाली जातं. अंबाडा असेल तर पट्टा त्याच्या खालून घ्यावा लागतो. चष्मा विचारा, नंबरचा चष्मा काढून बसवलेल्या मुलाचं लक्ष कमी नसतं, त्याला दिसतच नसतं. दोन डोळ्यांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं, त्यानुसार भिंगं सरकवायची. हे राहिलं की पाचव्या मिनिटाला डोकं दुखतं आणि दहाव्याला मळमळतं. फिट येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट घालायचाच नाही.

ब्लूटूथ हेडफोन वापरू नका. प्रतिसादाचा वेळ इथे मिलिसेकंदांत मोजतात, आणि आवाजच उशिरा पोचला तर मुलगा फुकट ‘मंद’ ठरतो. वायरचा लावा. मधेच लाइट गेली, खोलीत अंधार झाला, तर बाहेरच्या कॅमेऱ्यांवर चालणारा हेडसेट दिशा हरवतो. अशी चाचणी रद्द धरायची, जोडकाम करायचं नाही. लगेच दुसऱ्यांदाही घ्यायची नाही, कारण आता सराव झालेला असतो.

नव्याची नवलाईही लक्षात घ्या. पहिल्यांदा हेडसेट घालणारा पाच मिनिटं इकडेतिकडे बघणारच, तो चंचलपणा नव्हे. उलट खरोखर एडीएचडी असलेला मुलगा कधीकधी नव्या गोष्टीत रमतो आणि चाचणी छान देऊन जातो. आधी पाच मिनिटं नुसतं बघू द्या.

अहवालालाच निदान समजणं

पालकांचा पहिला प्रश्न असतो, “मॅडम, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?” तसं काही नसतं. डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली) प्रमाणे लक्षणं बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात, किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, सहा महिने टिकावी लागतात. सतरा आणि त्यापुढे एका गटातली (लक्ष न लागणं किंवा चंचलपणा-उतावीळपणा) किमान पाच लक्षणं लागतात, त्याआधी सहा. हेडसेट यातलं काहीच सांगत नाही. वीस मिनिटांत काय झालं तेवढंच सांगतो. अमळनेरच्या एका चौतीस वर्षांच्या ताईंचे आकडे सगळे ठीक आले. मग त्यांनी ट्रंकेतून चौथीचं प्रगतिपुस्तक आणलं. बाईंचा शेरा: ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते, वस्तू हरवते.’ आमच्या मानसोपचारतज्ज्ञ सरांनी त्या शेऱ्यावरून पुढची तासभर मुलाखत घेतली. निदान तिथे झालं.

उलट बाजूही आहे. आकडे वाईट आले तरी आधी थायरॉइड, रक्तक्षय, नैराश्य, घोरणं आणि तुटक झोप बघतात. नंदुरबार भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही विचारात घ्यावा लागतो. अंगात रक्त कमी असलेलं पोर खुणांच्या मागे किती धावणार? आधीच गोळी चालू असेल तर ती किती वाजता घेतली ते लिहून ठेवा, आणि चाचणीसाठी स्वतःहून बंद करू नका. सकाळपासून किती कप चहा झाला, तेही विचारा.

एक राहिलंच. भिंगं स्पिरिटने पुसू नका, कोरड्या मऊ फडक्याने पुसा. आणि हेडसेट खिडकीत ठेवू नका. भिंगातून ऊन आत गेलं की पडदा जळतो. आमच्या जुन्या हेडसेटमध्ये उजव्या डोळ्याला एक पिवळा ठिपका आहे. एका आजोबांनी तो बघून विचारलं होतं, “हा दिसला की बटण दाबायचं का?”