‘काय न्हाई, जरा भेग पडलीया’: पायाच्या दवाखान्यात पेशंटकडून कामाची माहिती कशी काढावी

कोल्हापुरात पाय दाखवायला आलेल्या पेशंटला ‘काय त्रास होतोय?’ असं विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं. ‘काय न्हाई, जरा भेग पडलीया.’ मोजा काढला की अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम निघते. पेशंट काही लपवत नसतो. मधुमेहात पायाच्या नसा बधिर झाल्या की जखम दुखतच नाही, आणि जे दुखत नाही ते सांगावं असं कुणाला सुचत नाही. त्यामुळे दुखण्याबद्दल विचारण्यापेक्षा दिवसभरात हा पाय कुठं कुठं जातो, पायात काय असतं, हे विचारलेलं बरं.

आपल्याकडे पोडियाट्रिस्ट, म्हणजे फक्त पायाचे विकार बघणारे तज्ज्ञ, मोजकेच आहेत. हे काम बहुतेक ठिकाणी मधुमेहतज्ज्ञ किंवा सर्जनच्या दवाखान्यातली सिस्टर, नाहीतर सहाय्यक करतात. डॉक्टरांना मिळतात पाच-दहा मिनिटं. त्याआधीची माहिती तुम्ही नीट काढली असेल तरच ती सत्कारणी लागतात.

आधी चाल, मग चप्पल

पेशंट दारातून खुर्चीपर्यंत येतो तेव्हाच बघायला लागा. लंगडतोय का, टाच टेकतोय का, कुणाचा आधार घेतोय का. मग दोन्ही पाय उघडे करायला सांगा. ‘ह्या पायाला काय न्हाई’ म्हटलं तरी दोन्ही. बोटांच्या बेचक्याही बघा. भातलावणीच्या दिवसांत राधानगरी, गगनबावड्याकडच्या बायकांना तिथं चिखल्या झालेल्या असतात आणि त्या स्वतःहून बोलत नाहीत.

चप्पल किंवा बूट हातात घ्या. लाज वाटायचं कारण नाही, हा तपासणीचाच भाग आहे. तळ कुठल्या बाजूला झिजलाय, बुटात हात घातल्यावर खिळा किंवा खडा लागतोय का, अंगठा अडकवायच्या जागी चामडं कडक आहे का ते पाहा. नवी कोल्हापुरी नेमकी तिथंच चावते. आणि एक प्रश्न विसरू नका: ‘मामा, चालता चालता चप्पल पायातून सुटली तर लगेच कळतं का?’ ‘दोन पावलं पुढं गेल्यावर कळतंय’ असं उत्तर आलं, तर संवेदना कमी झाल्याचा संशय तिथंच घ्यायचा.

हो-नाहीचे प्रश्न टाळा

‘अनवाणी चालता का?’ याला उत्तर ‘न्हाई’. त्याऐवजी ‘सकाळी उठल्यापासून पायात काय काय घालता, सांगा’ असं विचारा. मग गोठ्यात अनवाणी, देवघरात अनवाणी, मंगळवारी-शुक्रवारी अंबाबाईला जाताना रिक्षातच चप्पल ठेवलेली, सगळं बाहेर येतं. जोतिबाला अनवाणी जायचा नवस असेल तर तोही आत्ताच कळलेला बरा. नवस मोडा म्हणून सांगायचं काम तुमचं नाही. डॉक्टरांना कळवा, पेशंटशी काय बोलायचं ते तेच ठरवतील.

जखम कधी झाली, हा सगळ्यात अवघड प्रश्न. तारीख कुणालाच आठवत नाही. सणावारावर, शेतीच्या कामावर पकडा: ‘बेंदराच्या आधी की नंतर? ऊस गेला तेव्हा होती का?’ शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणाऱ्याला पगाराच्या तारखेवरून आठवतं.

रक्तपुरवठ्यासाठी दोन प्रश्न. ‘भवानी मंडपापासून बिंदू चौकापर्यंत सलग जाता, की पोटरी भरून येते म्हणून मध्ये थांबावं लागतं?’ आणि ‘रात्री पाय ठणकला की खाटेखाली सोडल्यावर बरं वाटतं का?’ ‘थांबावं लागतं’ किंवा ‘बरं वाटतं’ असं उत्तर आलं तर ठळक लिहा. पायाला रक्त कमी पोचत असण्याची ती खूण असू शकते.

तंबाखूचं विचारताना घोटाळा होतो. बाई म्हणते, ‘छे, मी कुठली तंबाखू?’ आणि रोज सकाळी मशेरी लावते. म्हणून मशेरी, गुटखा, विडी, सिगारेट वेगवेगळं विचारा. मुलगा किंवा सून बरोबर असेल तर उत्तरं तेच देतात. आधी पेशंटला बोलू द्या, मग घरच्यांना विचारा. दारूचा प्रश्न मात्र ते बाहेर असताना.

घरी काय काय लावलं?

हे रागावून विचारलं तर काहीच कळत नाही. ‘आजी, आमच्यात कुरपाला बिब्बा लावायचे, तुमच्यात काय लावतात?’ असं सुरू केलं की यादी येते: बिब्बा, हळद, तंबाखूचा चुरा, रुईचा चीक, ब्लेडने कापलेलं कुरूप, मेडिकलमधून आणलेली कुरपाची पट्टी. त्या पट्टीतल्या आम्लाने आणि बिब्ब्याने बधिर पायाची चांगली कातडीही जळू शकते. गरम पाण्याच्या शेकाचं आवर्जून विचारा. पाणी किती कढत होतं हे त्या पायाला कळलेलंच नसतं. चेहऱ्यावर ‘अरे देवा’ आणू नका, पुढच्या वेळी आजी सांगणार नाहीत.

गोळ्यांची नावं विचारत बसू नका, पिशवीच आणायला सांगा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, हे कातडी तासायच्या आधी कळायलाच हवं. साखरेचा आकडा लिहिताना तो उपाशीपोटीचा, जेवणानंतरचा की तीन महिन्यांच्या सरासरीचा, हेही लिहा.

स्पर्शाची तपासणी

10 ग्रॅमची, म्हणजे तेवढ्या दाबाला वाकणारी, नायलॉनची तार आधी पेशंटच्या हाताला लावून दाखवा, म्हणजे काय जाणवायला हवं ते त्याला समजतं. मग डोळे मिटायला सांगा. तार पायाला काटकोनात टेकवून वाकेपर्यंत दाबा, एक-दोन सेकंद, आणि काढा. जखमेवर किंवा जाड घट्ट्यावर नको. पेशंट तुमच्या सुरावरून ओळखतो आणि दरवेळी ‘व्हय’ म्हणतो. म्हणून मध्येच तार न लावताच ‘आत्ता लागलं?’ विचारा. तिथंही ‘व्हय’ आलं तर थोडं थांबा, पुन्हा समजवा आणि पहिल्यापासून सुरू करा.

लिहिताना

पेशंटचे शब्द तसेच उतरवा. ‘कापसावर चालल्यागत वाटतंय’ यातून डॉक्टरांना जे कळतं ते ‘पायाची तक्रार’ या दोन शब्दांतून कळत नाही. जखमेची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहा, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून, पेशंटला विचारून फोटो काढा. तो फोटो केसपेपरपुरता, स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. निदान तुम्ही सांगायचं नाही. ‘काळजीचं काय न्हाई’ असंही म्हणू नका.

काही गोष्टी दिसल्या तर फॉर्म अर्धा ठेवून उठा आणि डॉक्टरांना बोलवा: काळं पडलेलं बोट, पू किंवा वास, जखमेबरोबर ताप, अचानक थंड आणि पांढरा पडलेला पाय. आणि न दुखणारा, पण लाल, गरम, सुजलेला पाय. हा शेवटचा चकवतो, मुरगळलाय म्हणून सोडून देतात. त्यात आतली हाडं ढासळत असू शकतात आणि चालत राहिलं तर पायाचा आकारच बिघडतो.

जाताना घरी ड्रेसिंग कोण करणार ते विचारा आणि मोबाईल नंबर त्याचा घ्या. गावाकडून आलेल्या पेशंटला परतीची एसटी किती वाजता आहे तेही केसपेपरवर लिहा. पुढची वेळ त्या हिशोबाने दिली तर ड्रेसिंग अर्धवट टाकून स्टँडवर पळायची पाळी येत नाही.