जुनी ‘केलेली’ गिटार घेताय? या चुका टाळा

मुद्दाम घासून, रंग उडवून जुनी केलेली इलेक्ट्रिक गिटार म्हणजे रेलिक. अमेरिकन गिटार कंपनी फेंडरच्या कस्टम शॉपने (खास गिटारी बनवणाऱ्या विभागाने) 1995 मध्ये हा प्रकार रीतसर बाजारात आणला. गिब्सन या दुसऱ्या कंपनीची मर्फी लॅबही हेच करते, ती अलीकडची. त्यांच्या किमती हळदी-ऑर्केस्ट्राच्या बिदागीत बसत नाहीत. त्यामुळे आमच्या जळगाव-भुसावळ-धुळे पट्ट्यात फिरतात त्या बहुतेक साध्याच गिटारी, कोणीतरी गच्चीवर बसून सँडपेपर मारलेल्या. माझ्याकडे दुरुस्तीला येतात तेव्हा पैसे मोजून झालेले असतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे रंग किती उडालाय यावर भाव ठरवणं. पोरं आयरिश गिटारवादक रॉरी गॅलाघरच्या 1961 च्या स्ट्रॅटचा (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीचा) फोटो दाखवतात आणि म्हणतात, ‘काका, अशीच आहे बघा.’ अरे, तो माणूस ती गिटार वर्षानुवर्षं घामाने निथळत वाजवत होता. झिजेला कारण लागतं. उजव्या हाताचं कोपरापुढचं हाड जिथे टेकतं ती वरची कड, मागे बेल्टचं बक्कल लागतं तो भाग, नेकच्या (गिटारीच्या लांब मानेच्या) पाठीमागे अंगठा फिरतो ती जागा, एवढ्याच ठिकाणी रंग जातो. बॉडीच्या खालच्या शिंगासारख्या टोकाच्या आतल्या वळणात कोणाचाच हात घासत नाही, तरी तिथलं लाकूड उघडं दिसलं तर समजा सँडपेपर तिथे सोयीने पोचला. मेपलच्या फिकट लाकडाच्या फिंगरबोर्डवर (बोटं दाबतात त्या पट्टीवर) पहिल्या फ्रेटपासून (पट्टीवरच्या धातूच्या आडव्या तारेपासून) एकविसाव्यापर्यंत सारखाच काळपटपणा असेल तरी तेच. वाजवणारा ठरावीक जागीच जास्त वावरतो, मळ तिथेच साचतो.

उघड्या लाकडाची कड बघा. खऱ्या झिजेत रंग कडेला पातळ होत होत लाकडात विरतो, आणि लाकूड घामाने, मळाने काळसर, गुळगुळीत झालेलं असतं. घाईच्या कामात कड पायरीसारखी तुटक लागते आणि आतलं लाकूड कोरं पांढरं. मग त्यावर बूट पॉलिश. मी पांढरा रुमाल किंचित ओला करून जोरात घासतो. रुमाल तपकिरी झाला की पुढचं बोलणं बंद. काही जण तर लाकूड टॉर्चने जाळतात. पऱ्हाट्यांवर भाजलेलं भरताचं वांगं बरं दिसतं त्यापेक्षा.

आता गंज. याच्यावर माझा विशेष राग आहे, कारण हा दिसायला सगळ्यात भारी आणि वाजवायला सगळ्यात वाईट. चाळीसगावकडच्या एका पोराने ऑनलाइन घेतलेली स्ट्रॅट कॉपी आणली. ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो धातूचा भाग) असा तांबूस गंजलेला की बघतच राहावं. तक्रार एवढीच, तारा फार उंच. ‘काका, दोन मिनिटांचं काम आहे, सॅडल खाली घ्या फक्त.’ सॅडल म्हणजे ब्रिजवर प्रत्येक तारेखाली असलेला छोटा तुकडा, स्क्रूने खालीवर होतो. ॲलन की (षटकोनी चावी) घातली, स्क्रू हलेना. विकणाऱ्याने ब्रिज ॲसिडच्या वाफेवर धरला होता आणि नंतर सोड्याच्या पाण्याने धुतलाच नव्हता. ॲसिड आत राहिलं आणि पावसाळाभर गंज खात गेला. गंज सोडवायचं तेल सोडून रात्रभर ठेवलं, सोल्डरिंगची तापलेली टोकं लावली. तीन स्क्रू सुटले, बाकीच्यांची खोबणच गोल झाली. शेवटी सहाही सॅडल नवीन बसवले. ब्रिज सुट्टा काढण्याचाही आळस केला असावा, कारण वाफ आत शिरून जॅक (वायर जोडायचं भोक) आणि पॉटही (आवाज-टोनच्या बटणांखालचे भाग) खरखरत होते. नवे चकचकीत सॅडल बघून पोरगं म्हणालं, ‘लूक गेला ना पण.’ मी चहा मागवला.

म्हणून मी गिटार बघायला जाताना दोन ॲलन की नेतो: अमेरिकन फेंडरच्या सॅडलना 0.050 इंची लागते, आशियाई गिटारींना बहुतेक 1.5 मिलिमीटरची. प्रत्येक स्क्रू पाव फेरा फिरवून बघायचा. फिरवू देत नसेल तर विकणाऱ्याला नमस्कार.

रंगावरच्या बारीक भेगांचं थोडक्यात सांगतो. त्या नायट्रोसेल्युलोज लॅकरला पडतात. लाकूड हवामानाने हलतं आणि कडक झालेलं लॅकर तडकतं. स्वस्त गिटारींवर जाड पॉलिएस्टर असतं, ते अशा जाळीने तडकत नाही, टवके उडतात. त्यावर जाळी दिसली तर ती ब्लेडने ओढलेली. मोबाईलचा टॉर्च तिरपा धरा, नख फिरवा; ब्लेडची रेघ नखाला अडते आणि रुळासारखी सरळ जाते. भेगा पाडायला बॉडी मे महिन्याच्या उन्हात तापवून कुल्फीवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवणारे महाभाग आहेत. त्यांना रंगाला भेगा मिळत नाहीत, लाकडाला मिळतात.

प्लास्टिक पिवळं आणि स्क्रू कोरे चमकदार, असं असेल तर उरलेलं बघायची गरज नाही.

फ्रेटची टोकं बोटाला टोचतात का बघा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आकसतो. त्याला जुनेपणा म्हणून खपवू देऊ नका.

नायट्रोची गिटार रबरी स्टँडवर ठेवू नका. रबराने लॅकर चिकट होतं आणि डाग कायमचा बसतो.

आणि कोणी ‘खरी साठच्या दशकातली आहे’ म्हणालं तर पिकगार्ड (बॉडीवरची प्लास्टिकची पाटी) उघडायला सांगा. पॉटवरचा आकडा 137 ने सुरू झाला तर तो सीटीएस कंपनीचा, 304 ने तर स्टॅकपोल कंपनीचा. पुढच्या आकड्यांत वर्ष आणि आठवडा. गिटार त्या तारखेच्या आधीची असूच शकत नाही, पॉट नंतर बदलला असेल तर गोष्ट वेगळी, पण मग सोल्डर नवं दिसेल. उघडायला नकार देणाऱ्याशी मी भाव करत बसत नाही.