ट्रेनिंगमध्ये माझं विमान आपटलं तेव्हा

पायलट व्हायचंय म्हणणाऱ्या पोरांचे प्रश्न ठरलेले असतात, खर्च किती आणि चष्मा चालतो का. चष्मा चालतो. खर्च पन्नास लाखांच्या आसपास धरा, आणि फीचा पहिला चेक देण्याआधी क्लास 2 आणि क्लास 1 दोन्ही मेडिकल करून घ्या, आमच्या बॅचमधल्या एकाने आधी पैसे भरले आणि मग मेडिकलला अडकला, वर्ष गेलं त्याचं. तिसरा प्रश्न, विमान पडलं तर, तो पोरं विचारत नाहीत, घरचे विचारतात.

आमच्या घरी तर फारच. 2022 च्या जुलैत इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात शिकाऊ पायलटचं सेसना कोसळलं, तेव्हा माझे ग्राउंड क्लास चालू होते आणि सिंहगड रोडच्या आमच्या अख्ख्या सोसायटीने आईला तो व्हिडिओ पाठवला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन ट्रेनिंग विमानं पडली. तिन्ही वेळा माणसं वाचली, पण ते ऐकायला आई तयारच नव्हती.

माझा अपघात त्यानंतरच्या उन्हाळ्यातला, त्याची बातमी झाली नाही. एअरफिल्ड कुठलं ते राहू दे. माझे उड्डाणाचे एकतीस तास झालेले, सोलो सर्किट्स (एकटीने धावपट्टीभोवती फेरी मारून उतरणं) चालली होती, दुपारी साडेबाराची सॉर्टी, धावपट्टी तव्यासारखी तापलेली आणि फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, विमान नुसतं हिंदकळत होतं. विमान सेसना 152, फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या फळ्या) पूर्ण खाली असताना फायनलला 55 ते 65 नॉट स्पीड हवा, माझा 72 होता. ते मला दिसत होतं, हे महत्त्वाचं. दिसत असूनही मी उतरायला गेले कारण डोक्यात हिशोब होता, तासाला चौदा हजार, गो-अराउंड केलं, म्हणजे न उतरता परत वर गेलं, की अजून एक सर्किट, म्हणजे हजार-दीड हजार हवेत गेले, आणि बाबांनी त्यासाठी फ्लॅट गहाण ठेवलेला.

जास्त स्पीडमुळे विमान धावपट्टीवर तरंगतच राहिलं, मग टेकलं आणि उडालं. पहिला बाउन्स तसा साधा असतो, तेव्हाही फुल पॉवर, कार्ब हीटचा (कार्ब्युरेटर गरम करणारा) नॉब आत आणि वर जायचं, एवढंच करायचं होतं. मी घाबरून कंट्रोल कॉलम (विमानाचं स्टिअरिंग) पुढे ढकलला. सगळेच हेच करतात, जमीन खाली दिसते म्हणून हात आपोआप तिकडे जातो. मग नाकाचं चाक आधी आपटलं, त्याने विमान आणखी वर फेकलं, पुन्हा आपटलं, आणि तिसऱ्या वेळी नोज गिअर दुमडला आणि प्रॉप (पुढचा पंखा) धावपट्टीला घासला. इंजिन खाडकन बंद. मिक्श्चर, फ्युएल, मॅग्नेटो, मास्टर असं पाठ केलेलं सगळं हातांनीच केलं, मी काही विचार केला नाही. इंजिन बंद पडल्यावरही जायरो (काही उपकरणांमधली फिरती चक्रं) फिरत राहतात, त्यांचा बारीक घूंऽऽ आवाज अजून कानात आहे. लागलं म्हणाल तर पट्ट्याने खांद्याला वळ, बस.

पुढचं कोणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. लगेच ब्रेथ अ‍ॅनालायझर, डीजीसीएला (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाला) कळवणं, लॉगबुक आणि कागद ताब्यात, आणि लेखी स्टेटमेंट. बॅचमेट म्हणाला, वाऱ्याचा झोत आला असं लिही, कोण बघतंय. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण तपास शिक्षेसाठी नसतो, पुढचा अपघात टाळण्यासाठी असतो, हे आम्ही रेग्युलेशन्सच्या पेपरला घोकलेलंच होतं, म्हणून 72 नॉट लिहिले. सीएफआय (मुख्य फ्लाइंग इन्स्ट्रक्टर) सरांनी वाचलं आणि एवढंच विचारलं, "मग गो-अराउंड का नाही केलंस?" मी चौदा हजार म्हणाले. ते काहीच बोलले नाहीत.

प्रॉप घासला की इंजिन उघडून क्रँकशाफ्ट तपासावा लागतो, म्हणजे विमान काही महिने हँगरमध्ये. चालू विमानं मुळात तीन, त्यातलं एक मी बसवलं, आणि चौघांचं फ्लाइंग रखडलं. खरा त्रास तो होता, मेसमध्ये कोणी काही बोलायचं नाही पण टेबलावर जागा मिळायची नाही. मी स्वतः सहा आठवडे जमिनीवर, मग परत ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबत), नुसते बाउन्स आणि गो-अराउंड, मग चेक फ्लाइट. मधल्या काळात पुण्यात घरी होते तेव्हा हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरकडे पाहून वाटायचं, ग्लायडरवाल्यांना गो-अराउंडच नाही, एकच चान्स, त्यामुळे ते उंचीचा आणि स्पीडचा हिशोब कसे करत असतील. आपल्याकडे इंजिन आहे आणि आपण ते वापरत नाही.

सीपीएलला (कमर्शियल पायलट लायसन्सला) 200 तास लागतात, त्यात 100 तास पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःकडे), त्यात पाच-दहा हजारांची चणचण सतत राहणार. म्हणून आधीच पंधरा-वीस तासांचे पैसे जादा धरून ठेवा आणि घरी तसं सांगून ठेवा. स्कूल बघायला जाल तेव्हा ब्रोशरमधली विमानं मोजू नका, सकाळी सात वाजता एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) उभी असलेली मोजा आणि मुलं किती ते विचारा. बाहेरच्या टपरीवर सिनिअर्सना चहा पाजा आणि विचारा, इथे गो-अराउंड केलं तर कोणी चिडवतं का. आमच्याकडे चिडवायचे.

परत सोलो मिळाला त्या दिवशी पहिल्याच अप्रोचला 68 दिसले. गेले वर. दुसऱ्या वेळी विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) फिरला, परत वर. तिसऱ्यांदा उतरले. रात्री बाबांनी फोनवर विचारलं किती झाले, म्हटलं पॉइंट सेव्हन तास, त्यातली दोन सर्किट्स फुकट. ते म्हणाले, "बरं. जेवलीस का?"