फिल्म कॅमेरा वापरताय? या चुका टाळा

फिल्मची हौस पोरांत परत आली, आनंद आहे. पण फिल्म पुढे सरकवणारा लीव्हर अडला की मागचं झाकण उघडायचं, ही चूक सगळे इतक्या भक्तिभावानं करतात की शेवटी लिहायला बसलो.

नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत ओळखीचा एक पोरगा जुना एसएलआर कॅमेरा घेऊन उतरला होता. सकाळी बडगे, म्हणजे मिरवणुकीतले पुतळे, टिपले. पिवळी आणि काळी मारबत या दोन मोठ्या मूर्ती समोरासमोर आल्या तेव्हा उरलेला रोल धडाधड उडवला. लीव्हर अडला. "भाऊ, फसला वाटते," म्हणत यानं भर उन्हात झाकण उघडलं आणि वरून आत डोकावत बसला. फसलं काहीच नव्हतं, ३६ फ्रेम संपल्या होत्या. बहुतेक कॅमेऱ्यांत काढलेली फिल्म उजवीकडच्या स्पूलवर गुंडाळली जाते, म्हणजे शेवटचे फोटो सगळ्यात बाहेर. मारबतींची भेट निगेटिव्हवर काळीठिक्कर झाली. आतल्या वेढ्यांतले बडगे तेवढे वाचले, तेही काठाला नारिंगी पट्टे घेऊन.

लीव्हर अडला तर जोर लावू नका, फिल्मची भोकं फाटतात. तळाचं बटण दाबून डावीकडची मूठ बाणाच्या दिशेनं फिरवा. फिल्म डबीत परत गुंडाळली (रिवाइंड झाली) की हाताला लागणारा ताण एकदम सुटतो. मी त्यानंतरही थोडं फिरवतो, मगच झाकण. चुकून उघडलंच तर लगेच बंद करा आणि रोल फेकू नका. झाकणाच्या फटीवर मी आडवी कागदी टेप लावतो. ती सोलताना तरी आठवतं, रिवाइंड झालं का! कॅमेरा विद्रूप दिसतो म्हणणाऱ्यांनी तो शोकेसमध्ये ठेवावा.

प्रत्येक रोलवर त्याच जागी उजेडाचा पट्टा येतो? लॅबवाल्याला शिव्या देऊ नका, झाकणाच्या खाचेतला उजेड अडवणारा फोम नखानं दाबून पाहा. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कॅमेऱ्यांत तो कुजून डांबरासारखा चिकट झालेला असतो. टूथपिक आणि थोड्या स्पिरिटनं खरवडा, शटरच्या पडद्याला मात्र हात लावू नका. खाचेत मी काळी लोकर दाबून बसवतो, बिजागरीकडे काळी मखमल. वरून इन्सुलेशन टेप मारून काम भागवणारे नागपूरच्या मे महिन्यात पाघळलेला डिंक पुसत बसतात.

रोल सावलीत भरा. फुटाळा तलावावर सावली नसेल तर सूर्याकडे पाठ करून स्वतःची सावली करा.

डार्करूममधला लाल दिवा कृष्णधवल फोटोच्या कागदासाठी असतो. आजच्या बहुतेक फिल्म लाल उजेडानंही खराब होतात. रोल धुण्यासाठी टँकमध्ये (डेव्हलपिंगच्या डब्यात) भरताना मिट्ट काळोख हवा, मनगटावरचं स्मार्टवॉचसुद्धा बाहेर ठेवून या.