टीटीवाय वापरायचा कसा, टिकवायचा कसा

घरात कुणाचे कान गेले की मुलं म्हणतात, "बाबांना टॅब्लेट देऊ, ते जुनं डबडं काढून टाका." टॅब्लेट द्या की, कोण नको म्हणतंय. पण टीटीवाय, म्हणजे टाइप करून बोलायचा फोन, अडगळीत टाकण्याआधी एकदा नीट वापरून बघा. आम्ही न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला राहतो. कर्णबधिरांची राष्ट्रीय तांत्रिक शिक्षणसंस्था इथेच आहे, त्यामुळे असे फोन या गावाला नवे नाहीत. यांना पन्नाशीनंतर ऐकू येईनासं झालं, तेव्हापासून आमच्याकडेही एक आहे, अल्ट्राटेकचा, कागदावर छापून देणारा. यांची बोटं काचेवर घसरतात, खऱ्या कळांवर मात्र झरझर चालतात. शिवाय बर्फाच्या वादळात वीज गेली तरी तांब्याच्या तारेची लाइन आणि मशीनमधली बॅटरी एवढ्यावर तो चालू राहतो.

आत काय चालतं ते आधी सांगते, कारण निम्मी काळजी त्यातच आहे. कळ दाबली की मशीन त्या अक्षराचे सूर वाजवतं. सूर दोनच, १४०० हर्ट्झ आणि १८०० हर्ट्झ, आणि पाच-पाच सुरांच्या वेगवेगळ्या जुळणीतून अक्षरं होतात. पलीकडचं मशीन ते सूर ओळखून पट्टीवर अक्षर दाखवतं. वेग सेकंदाला साधारण सहा अक्षरं. म्हणजे सगळा खेळ सूर स्वच्छ पोचण्याचा. मशीन बिघडलं म्हणून जी तक्रार येते, ती बहुतेक वेळा लाइनची असते. टेलिफोनच्या तारेवरून टाइप करून बोलायची ही सोय १९६४ साली कॅलिफोर्नियात रॉबर्ट वाइटब्रेख्ट या भौतिकशास्त्रज्ञाने केली, सोबत दातांचे डॉक्टर जेम्स मार्स्टर्स आणि अँड्र्यू सॅक्स. तिघेही कर्णबधिर. टेलिफोन निघून नव्वद वर्षं होत आली होती, आणि शेवटी ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांनाच हे करावं लागलं. असो.

मशीनच्या वर रबराच्या दोन वाट्या असतात, त्यात रिसीव्हर पालथा बसवायचा. वायरचं टोक कुठल्या बाजूला हवं, त्याची खूण मशीनवर असते. उलटा ठेवला तर एक अक्षर उमटणार नाही. रिसीव्हर जुन्या घडणीचा, गोल टोकांचा हवा. चपटे, चौकोनी किंवा कॉर्डलेस रिसीव्हर वाटीत घट्ट बसत नाहीत, आणि फटीतून मिक्सरचा, टीव्हीचा, नातवंडांचा आवाज आत शिरतो. मग पट्टीवर भलतीसलती अक्षरं येतात. मशीनला मागे टेलिफोनच्या तारेचं भोक असेल तर वाट्यांच्या भानगडीत न पडता सरळ भिंतीतली तार तिथे जोडा.

दुसरा शत्रू म्हणजे कॉल वेटिंग. बोलणं रंगात आलेलं असतं आणि मधेच ती टुक् वाजते. आपल्याला ती ऐकू येत नाही, पण मशीनला येते आणि शब्दाचा चुथडा होतो. फोन लावायच्या आधी स्टार ७० दाबा, तेवढ्या कॉलपुरतं वेटिंग बंद राहतं. तिसरी अडचण इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनची. त्यात आवाज दाबून, लहान करून पाठवतात. माणसाचं बोलणं त्यातून निभावतं, टीटीवायचे सूर निभावत नाहीत. आमची लाइन बदलली तेव्हा कंपनीचा माणूस "काही फरक पडणार नाही" म्हणून गेला आणि त्या दिवसापासून चार अक्षरांतलं एक गायब. अशा वेळी कंपनीला स्पष्ट सांगायचं की आवाज न दाबता, जी.७११ पद्धतीने पाठवा. फॅक्सलाही तेच लागतं, त्यामुळे "फॅक्स चालला पाहिजे" म्हटलं की त्यांना पटकन कळतं.

आता बोलायची रीत. एका वेळी एकानेच टाइप करायचं. दोघांनी एकदम सुरू केलं तर दोघांचंही वाया. आपलं सांगून झालं की जीए टाइप करायचं, म्हणजे आता तुम्ही बोला. निरोप घ्यायचा झाला की एसके, आणि समोरच्याचंही एसके आल्यावर मगच रिसीव्हर उचलून फोन बंद करायचा. प्रश्नचिन्ह शोधत बसायचं नाही, शेवटी क्यू मारला की प्रश्न. चुकलं तर मागे जाऊन खोडत बसण्यापेक्षा तीन-चार एक्स टाइप करून पुढे लिहायचं.

यांची एक मावसबहीण शिकागोला असते, तिलाही ऐकू येत नाही. दोघं मराठीत गप्पा मारतात, रोमन लिपीत, सगळी मोठी अक्षरं. पाच सुरांच्या जुळण्या होतात बत्तीसच, त्यात लहान अक्षरांना जागाच नाही. आकडेही त्याच जुळण्यांवर बसवलेत, फक्त 'आता आकडे', 'आता अक्षरं' असा एक इशारा आधी जातो. हा इशारा वाटेत हरवला की गंमत होते. एकदा ताईंनी पुरी म्हणून पी-यू-आर-आय लिहिलं आणि आमच्या पट्टीवर आलं ०७४८. कीबोर्डची वरची ओळ डोळ्यांपुढे आणा: क्यू म्हणजे १, डब्ल्यू म्हणजे २, असं करत पी म्हणजे ०. असे आकडे दिसले तर घाबरून फोन ठेवू नका. आपल्याकडचा स्पेसबार एक-दोनदा दाबा, बहुतेक मशीन पुन्हा अक्षरांवर येतात.

समोरच्याकडे टीटीवाय नसेल तर ७११ लावायचा, हा मध्यस्थ सेवेचा नंबर. मधला ऑपरेटर तुमचं टाइप केलेलं वाचून दाखवतो आणि समोरच्याचं बोलणं टाइप करतो. सेवा चोवीस तास असते. ऑपरेटरने शब्दाला शब्द सांगायचा आणि बाहेर कुठे काही बोलायचं नाही, असा नियमच आहे, तेव्हा डॉक्टरशी बोलायला संकोच नको. यांचा आवाज उत्तम आहे, फक्त ऐकू येत नाही. अशांनी सुरुवातीलाच व्हीसीओ प्लीज असं टाइप करावं. मग आपण तोंडाने बोलायचं आणि उत्तर तेवढं वाचायचं. वाट्यांचं मशीन असेल तर बोलताना रिसीव्हर उचला, "गो अहेड" म्हणा आणि लगेच वाटीत ठेवा. ठेवायला उशीर झाला तर उत्तराचे पहिले शब्द जातात. हे सगळं इंग्रजीत, फार तर स्पॅनिशमध्ये. मराठी बोललात तर ऑपरेटर बिचारा काय टाइप करणार?

नातेवाइकांना एक गोष्ट बजावून ठेवा. ७११ वरून फोन आला की आधी जरा शांतता असते, मग अनोळखी आवाज येतो. आपले लोक काहीतरी विकणारा समजून धाडकन बंद करतात. यांच्या सख्ख्या पुतण्याने दोनदा केलं, तिसऱ्यांदा मीच माझ्या फोनवरून त्याची खरडपट्टी काढली.

जिवावरच्या प्रसंगी ७११ च्या फंदात पडू नका, थेट ९११ लावा. टीटीवायचे कॉल घेणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे. रिसीव्हर वाटीत ठेवून स्पेसबार थोड्या थोड्या वेळाने दाबत राहा म्हणजे तिकडे सूर ऐकू जातील, आणि उत्तर आलं की आधी काय हवं ते (आग, पोलीस, ॲम्ब्युलन्स) आणि मग पत्ता. पत्त्याचा कागद मशीनच्या बाजूलाच चिकटवून ठेवा.

देखभालीत सगळ्यात जास्त वैताग कागदाचा. छापणाऱ्या मशीनला सव्वादोन इंच रुंदीचा थर्मल रोल लागतो, दुकानातल्या बिलाच्या मशीनमध्ये असतो तसाच. सुलटी बाजू कुठली ते कळत नसेल तर नखाने ओरखडा काढा, काळी रेघ उमटली ती छपाईची बाजू. अडकलेला कागद मागे ओढू नका, कापा आणि पुढून काढा. आणि डॉक्टरांनी सांगितलेली औषधं त्या कागदावर आली असतील तर त्याच दिवशी वहीत उतरवा किंवा फोटो काढा. ही छपाई उन्हाने, उष्णतेने, चिकटपट्टीने आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवूनही पुसट होते.

बॅटरी जुन्या मशीनमध्ये निकेल-कॅडमियमची असते. नवी घातल्यावर पहिल्यांदा पूर्ण चोवीस तास चार्ज करा, आणि महिन्यातून एखाद्या वेळी प्लग काढून बॅटरीवरच बोला, म्हणजे ती मेली असेल तर वेळेवर कळेल. मेलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका, कॅडमियम विषारी असतं. ॲडॉप्टर मूळचाच वापरा. पिन बसली म्हणून कुठलाही खुपसायचा नाही.

वाट्यांना तेलकट हात लावू नका, अल्कोहोलने पुसू नका. रबर कडक होऊन चिरतं. ओलसर फडकं पुरतं. फोन स्वयंपाकघरात नकोच, फोडणीचा थर कळांवर असा बसतो की स्पेसबार खाली गेला की वर यायचं नाव घेत नाही. आणि रिंग वाजली की उघडझाप करणारा दिवा मशीनशेजारी लावून काय उपयोग? माणूस जिथे दिवसभर बसतो तिथे लावा, एक झोपायच्या खोलीत.

मोबाइलवर जायचंच असेल तर आरटीटी, म्हणजे रिअल-टाइम टेक्स्ट, बघा. आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत मिळेल. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने डिसेंबर २०१६ मध्ये मोबाइल कंपन्यांना टीटीवायऐवजी हे द्यायला परवानगी दिली. टाइप कराल तसं अक्षर अन् अक्षर समोर दिसतं, दोघं एकदम लिहू शकतात, जीएची गरज उरत नाही. समोर जुना टीटीवाय असला तरी बोलणं होतं. मात्र त्या माणसाची जीएची वाट बघायची सवय काही जात नाही, तेव्हा त्याच्याशी बोलताना ते टाइप करा.